प्रकल्प नोंदी: दिवा सुईच्या आत

९ जानेवारी

नवी वही. काम असं: कर्करोगाचा संशय असलेल्या गाठीतून सुईने तुकडा काढताना सुईचं टोक, गाठ आणि वाटेतल्या रक्तवाहिन्या एकाच पडद्यावर, हात हलेल तशा दिसल्या पाहिजेत. सोनोग्राफीचा प्रोब (त्वचेवर टेकवून ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग) तोच राहणार. भर पडणार ती प्रकाशाची. लेसरची अतिशय छोटी स्पंदनं आत सोडायची. प्रकाश शोषणारी ऊती किंचित तापते, फुगते, आणि त्या फुगण्याचा ध्वनी प्रोबने ऐकायचा. याला फोटोअकॉस्टिक इमेजिंग म्हणतात.

आज रेडिओलॉजिस्ट मॅडमकडे बराच वेळ बसलो. त्यांची तक्रार साधी आहे. "गाठ दिसते. सुईही दिसते. पण जे चमकतंय ते टोक आहे की दांड्याचा मधलाच भाग, हे पडद्यावर लिहून येत नाही."

कारण भूमितीचं आहे. स्टीलची गुळगुळीत सुई ध्वनी एकाच दिशेला परतवते. सुई प्रोबला साधारण समांतर गेली तर प्रतिध्वनी सरळ प्रोबकडे येतो. गाठ खोल असली की सुई उभी घालावी लागते, मग प्रतिध्वनी भलतीकडे निघून जातो आणि सुई पुसट होते. त्यात सोनोग्राफी शरीराचा जो काप दाखवते तो असतो फार पातळ. सुई त्या कापातून जराशी बाजूला सरकली, तर काप तिला जिथे छेदतो तो ठिपका हुबेहूब टोकासारखा दिसतो. खरं टोक असतं आणखी पुढे, न दिसणाऱ्या जागी. तिरक्या धारेच्या सुया आत गेल्यावर वाकतात, ते वेगळंच.

म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. टोक कुठे आहे? आणि टोकासमोर काय आहे?

१३ जानेवारी

तत्त्व जुनं आहे. १८८० साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल फोटोफोनवर (प्रकाशझोतातून आवाज पाठवणाऱ्या यंत्रावर) काम करत असताना त्यांना आढळलं, की थांबून थांबून पडणारा प्रकाशझोत पातळ चकतीवर सोडला तर चकतीतून आवाज येतो. शरीरासाठी ते वापरायला नॅनोसेकंदांची स्पंदनं देणारे लेसर आणि वेगवान इलेक्ट्रॉनिक्स यावं लागलं.

आकडे उतरवून ठेवतो, पुढे सतत लागतील. ऊतीचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाने वाढलं की दाब सुमारे ८०० पास्कलने वाढतो. लेसरचं स्पंदन ५ ते १० नॅनोसेकंदांचं. तेवढ्या वेळात ध्वनी ऊतीत ८ ते १५ मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ जागेवरच. त्यामुळे दाब निसटून जायच्या आत सगळी ऊर्जा जागच्या जागी पडते. रुग्णाला यातलं काहीही जाणवणार नाही.

प्रतिमा उभी करताना एक फरक: सोनोग्राफीत ध्वनी जातो आणि परत येतो, इथे जातो तो प्रकाश (तत्क्षणी) आणि येतो तो ध्वनी. ३ सेंटिमीटर खोलीवरून फोटोअकॉस्टिक ध्वनी साडेएकोणीस मायक्रोसेकंदांत पोहोचतो, सोनोग्राफीला त्यासाठी ३९ लागतात. ट्रिगर, म्हणजे लेसर सुटल्याचा यंत्राला मिळणारा इशारा, एक मायक्रोसेकंद चुकला तर चित्र दीड मिलिमीटर सरकलं. जी गाठ मुळात सात-आठ मिलिमीटरची आहे तिच्यासाठी दीड मिलिमीटर खूप झाला.

याचा एक फायदाही आहे, जो मला आधी सुचला नव्हता. यंत्र ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतं, पण चरबीत तो १४५० च्या आसपास असतो. ३ सेंटिमीटर चरबीखाली असलेली गोष्ट पडद्यावर जवळजवळ २ मिलिमीटर जास्त खोल दिसते. मात्र दोन्ही पद्धतींत खोली चुकण्याचं प्रमाण सारखंच असतं. प्रोब एकच असल्याने फोटोअकॉस्टिकचं चित्र सोनोग्राफीच्या चित्रावर बरोबर बसतं, आणि सुई व गाठ दोन्ही एकाच मापाने चुकतात. सुई गाठीत आहे की नाही, या उत्तराला धक्का लागत नाही.

२१ जानेवारी

दिवसभर प्रकाशाचा हिशेब. सगळ्या प्रकल्पाचं नशीब या एका पानावर आहे असं आता वाटतंय.

ऊतीत प्रकाश सरळ जात नाही, विखुरतो. ८०० नॅनोमीटरच्या आसपास, जिथे रक्तातलं आणि रक्ताबाहेरचं शोषण त्यातल्या त्यात कमी, तिथेसुद्धा. नमुन्यादाखल आकडे घेतले: शोषण दर सेंटिमीटरला ०.१, विखुरणं दर सेंटिमीटरला १०. यावरून दर सेंटिमीटर खोलीला प्रकाश सुमारे ५.७ पटीने घटतो.

वरून किती प्रकाश टाकता येतो यालाही सीमा आहे. अमेरिकेच्या एएनएसआय झेड १३६.१ या लेसर-सुरक्षेच्या मानकानुसार त्वचेवर एका स्पंदनात दर चौरस सेंटिमीटरला ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये २० मिलिज्यूल, ८०० ला सुमारे ३०, आणि १०६४ ला १०० मिलिज्यूल चालतात. ८०० नॅनोमीटर आणि ३० मिलिज्यूल धरले तर २ सेंटिमीटरवर साधारण ०.९ उरतात, ३ सेंटिमीटरवर ०.१६, ४ सेंटिमीटरवर ०.०३ देखील नाहीत. रक्तवाहिनीत यातून निर्माण होणारा दाब अनुक्रमे ८००, १४० आणि २५ पास्कल. पहिला आकडा आरामात ऐकू येईल. शेवटचा इलेक्ट्रॉनिक्सच्या खरखरीत बुडेल, आणि प्रोबपर्यंत येताना तो आणखी क्षीण होणार, ते वेगळं.

म्हणून या क्षेत्रातल्या लेखांमध्ये "काही सेंटिमीटर खोली" असं लिहिलेलं असतं ना, ते वाक्य सावधपणे वाचावं. दोन सेंटिमीटर आणि चार सेंटिमीटर यांत दुप्पट नाही, बत्तीस पटींचा फरक आहे.

२९ जानेवारी

प्रकाशाचा उगम: लेसर की एलईडी?

एलईडीच्या बाजूने बरंच काही आहे. छोटी, स्वस्त, गॉगल नको. सेकंदाला हजारो स्पंदनं देते, त्यामुळे सरासरी काढून खरखर दाबता येते: २५६ स्पंदनांची सरासरी घेतली तर खरखर १६ पटीने कमी. ४,००० हर्ट्झला तरीही सेकंदाला पंधरा चित्रं मिळतात. पण एका स्पंदनात काहीशे मायक्रोज्यूलच, आणि स्पंदनाची लांबी ७० नॅनोसेकंदांच्या घरात.

लेसरची ऊर्जा मोठी, पण तो चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गातला. खोलीतल्या प्रत्येकाला गॉगल, रुग्णालासुद्धा. मॅडमनी गॉगल घालून सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यातून मला राखाडीच्या छटा कळत नाहीत. छटा कळल्या नाहीत तर गाठ कशी ओळखू?" त्यांचं बरोबर आहे.

प्रयोगशाळेत सध्या लेसरनेच काम करू. खोलीचा प्रश्न सुटल्याशिवाय एलईडीचा मोह नको.

६ फेब्रुवारी

फँटम, म्हणजे चाचणीसाठी शरीराच्या ऊतीची नक्कल, बनवायला घेतलं. जिलेटिन, त्यात प्रकाश विखुरण्यासाठी इंट्रालिपिड हे दुधासारखं तेलाचं मिश्रण (शेवटचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास), शोषणासाठी काळी शाई थेंबाथेंबाने. रक्तवाहिन्यांच्या जागी बारीक सिलिकॉनच्या नळ्या. गाठ म्हणून जास्त शाईचा गोळा.

जिलेटिनची एक खोड: सुईने पाडलेलं भोक बुजत नाही. त्यात हवा शिरते आणि सोनोग्राफीत पुढच्या सुईला जणू आखलेली वाट दिसते. चाचणी घेणाऱ्याला आपोआप उत्तर मिळतं. म्हणून प्रत्येक वेळी नवी जागा, आणि काही दिवसांनी नवा साचा. जेल वॅक्स टिकाऊ आहे, पुन्हा वितळवता येतं, पण त्यात पाण्यातली शाई मिसळत नाही. तेलात विरघळणारा रंग आणि टायटॅनियम डायऑक्साइड घालावं लागतं. दोन्ही करून ठेवतो.

११ फेब्रुवारी

शाईचा गोळा बघून एक जण म्हणाला, "मधला भाग रिकामा का दिसतोय? कडाच दिसताहेत." यंत्रात दोष नाही. मोठी वस्तू मोठ्या लांबीची, म्हणजे कमी वारंवारतेची लहर सोडते. ५ मिलिमीटरचा गोळा ०.३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो आणि आपला प्रोब ऐकतो ५ ते १० मेगाहर्ट्झ. त्याला फक्त कडांवरचा अचानक बदल ऐकू येतो. जाड रक्तवाहिनीसुद्धा याच कारणाने वरची एक रेघ आणि खालची एक रेघ अशी दिसते. हे मॅडमना आधीच सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर त्या पोकळ कडं बघून "आत पेशी मृत आहेत" असा अर्थ लावतील. मोठ्या गाठीचा मध्य खरोखर मृत असू शकतो आणि तिथला तुकडा काढून उपयोग नसतो. त्यामुळे हा गोंधळ महागात पडेल.

१८ फेब्रुवारी

वरून प्रकाश, आत सुई. पहिली खरी चाचणी.

उथळ जागी झकास. स्टील प्रकाश शोषतं, सुई लख्ख दिसते, बाजूची शाईची नळी दिसते. दोन सेंटिमीटरनंतर नळी आधी जाते, मग सुई.

आणि एक भुताटकी. सुईच्या बरोबर दुप्पट खोलीवर आणखी एक सुई. थोडा विचार केला तेव्हा उलगडलं: पृष्ठभागावर जो प्रकाश शोषला जातो त्यातून ध्वनीचा एक मोठा धक्का खाली जातो, सुईवर आपटून वर येतो. जायला आणि यायला लागलेला वेळ दुप्पट, आणि यंत्र समजतं की ध्वनी एकेरीच आला. खोटी रेघ खऱ्या रेघेइतकीच सुबक असते, हा त्यातला वाईट भाग.

२६ फेब्रुवारी

फँटमवर पातळ, गडद थर चढवला. मेलॅनिन जास्त असलेल्या त्वचेसाठी. परिणाम अपेक्षित होता, तरी पाहून अस्वस्थ झालो. गडद थर वरच्यावर प्रकाश खातो, त्यामुळे खाली कमी पोहोचतो. आणि जो खातो त्याचा धक्का मोठा, त्यामुळे भुतं वाढतात. खरं चित्र फिकं आणि खोटं चित्र ठळक, दोन्ही एकदम. १०६४ नॅनोमीटरला त्रास कमी होतो, कारण मेलॅनिनचं शोषण तरंगलांबी वाढते तसं उतरतं. कमी होतो, संपत नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये गडद त्वचेवर ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दिसल्याचं आता सर्वांना ठाऊक आहे. तीच चूक नव्या यंत्रात पुन्हा घालायची असेल तर हे यंत्र न बनवलेलं बरं.

३ मार्च

वाचन. २०१० मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिहाँग वांग यांच्या गटाने नेहमीच्या सोनोग्राफी यंत्राच्या हातातल्या प्रोबला प्रकाशाचे फायबर (प्रकाश वाहून नेणारे काचेचे बारीक दोरे) जोडून उंदरांच्या लसीका ग्रंथींपर्यंत सुई नेली होती. ग्रंथी दिसाव्यात म्हणून मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरला. स्तनातल्या कर्करोगात काखेतली पहिली ग्रंथी शोधण्यासाठी तो रंग शल्यचिकित्सक वापरतातच, त्यामुळे कल्पना चांगली. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) २०२१ मध्ये सेनो मेडिकलच्या इमाजिओ या स्तनासाठीच्या यंत्राला मान्यता दिली. ते ७५७ आणि १०६४ नॅनोमीटर वापरतं, पण त्याचं काम गाठीबद्दलचा संशय वाढवायचा की घटवायचा हे ठरवायला मदत करणं. सुईला वाट दाखवणं हा त्याचा हेतू नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाचं काम आमच्या सर्वांत जवळचं वाटलं. ते फायबर थेट सुईच्या आत घालतात.

५ मार्च

धुक्यात गाडीचा दिवा प्रखर केला तर समोर पांढरी भिंत उभी राहते; कंदील हातात घेऊन पुढे चालत गेलेला माणूस मात्र आजूबाजूचं पाहू शकतो. एवढ्यावरून पुढचे दोन महिने कुठे घालवायचे ते ठरलं. वरून दिवा नको, दिवा सुईच्या आत.

आत ठेवला तर काय काय बदलतं? दिवा टोकाबरोबर चालतो, त्यामुळे टोकाभोवतीचा प्रकाश खोलीवर अवलंबून राहत नाही. त्वचेवर प्रकाश पडतच नाही, त्यामुळे वरचा धक्का नाही, दुप्पट खोलीचं भूत नाही आणि त्वचेच्या रंगाचा संबंध उरत नाही. सुईचा दांडा वर अंधारात राहतो, टोक तेवढं उजळतं. ९ जानेवारीचे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सुटतात.

कागदावर.

१० मार्च

कागदावरच अडलं.

फायबरचा गाभा ०.६ मिलिमीटरचा. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरच्या ३५० व्या भागाएवढं. त्यातून १ मिलिज्यूल काढला तर तोंडाशी दर चौरस सेंटिमीटरला ३५० मिलिज्यूल होतात, म्हणजे त्वचेच्या मर्यादेच्या बारा पटींच्या आसपास. ती मर्यादा त्वचेसाठी आहे, आतल्या ऊतीसाठी लिहिलेली नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण एथिक्स कमिटीसमोर असा युक्तिवाद घेऊन मी जाणार नाही. मर्यादा पाळायची तर ०.०८५ मिलिज्यूल मिळतात. फारच थोडे.

तरी हिशेब पुरा केला. ०.०८५ मिलिज्यूल टोकातून सोडले तर ५ मिलिमीटर पुढे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१७ मिलिज्यूल पोहोचतात. २१ जानेवारीच्या पानावर वरून टाकलेल्या पूर्ण ताकदीच्या प्रकाशाचे ३ सेंटिमीटरवर ०.१६ होते. म्हणजे जवळजवळ तेवढेच, आणि तेही एका इवल्याशा ठिणगीच्या जोरावर. सीमा इथे आहे: ३ सेंटिमीटरपेक्षा उथळ जागी बाहेरचा दिवा जिंकतो, त्याहून खोल आतला. ४ सेंटिमीटरवर आतला दिवा सहा पट सरस.

पण आतल्या दिव्याची पोच छोटी. १ सेंटिमीटर पुढे गेलं की ०.०४ सुद्धा उरत नाहीत. सुईला वाट सुरू होताना दिशा दाखवायला तो निरुपयोगी, शेवटचा सेंटिमीटर दाखवायला उत्तम.

१४ मार्च

ऊर्जा वाढवायचा एक मार्ग: फायबरच्या टोकाला १ सेंटिमीटर लांबीचा, बाजूंनी प्रकाश सांडणारा भाग ठेवायचा. क्षेत्रफळ वाढतं, त्याच मर्यादेत ५-६ मिलिज्यूल बसतात. मी खूष होऊन मॅडमना दाखवायला घेऊन गेलो.

"हा काचेचा तुकडा सुईच्या बाहेर येणार?"

"एक सेंटिमीटर फक्त."

"रुग्ण खोकला तर तो आत तुटेल. मी हे हातात घेणार नाही."

विषय संपला. फायबर सुईच्या तोंडाच्या आतच राहणार, एक मिलिमीटर मागे. ऊर्जा कमी तर कमी, स्पंदनं जास्त घेऊन सरासरी काढू.

१५ मार्च

कालच्या भेटीत दुसरं जे कळलं ते जास्त मोलाचं आहे, म्हणून वेगळं लिहितो.

आम्ही टोक, टोक करत होतो. कोअर बायोप्सीची, म्हणजे ऊतीचा अखंड तुकडा कापून काढणारी, गन कशी चालते ते मॅडमनी टेबलावर दाखवलं. आतल्या दांड्याला टोकापासून जरा मागे एक खाच असते, साधारण २ सेंटिमीटर लांब. कळ दाबली की आतला दांडा सुमारे २२ मिलिमीटर पुढे झेपावतो, ऊती खाचेत भरते, आणि लगेच बाहेरची धारदार नळी तिच्यावरून सरकून तुकडा कापते. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणजे कळ दाबण्यापूर्वी जिथे टोक आहे तिथून तुकडा येतच नाही. तो येतो त्याच्यापुढच्या दोन सेंटिमीटरमधून. आणि झेप संपते तिथे पुढे रक्तवाहिनी किंवा फुप्फुसाचं आवरण असेल तर तेही सुईच्या वाटेतच.

मग गनच्या सुईत फायबर घालायला जागा तरी कुठे आहे? दांड्याने ती भरलेली. उत्तर त्यांच्याच ट्रेमध्ये होतं. त्या कोॲक्सिअल पद्धत वापरतात: आधी १७ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप, आकडा मोठा तशी सुई बारीक) मार्गदर्शक नळी गाठीच्या तोंडाशी नेऊन ठेवायची, तिच्यातला टोकदार दांडा काढायचा, आणि त्याच नळीतून १८ गेजची गन घालून हवे तितके तुकडे काढायचे. दांड्याच्या जागी आमचं फायबर बसतं. बघा, मग फायबर काढा, गन घाला.

हे मला आवडलं, कारण यात नवी सुई मंजूर करून घ्यायची नाही. वाईट बाजू: ज्या क्षणी गन सुटते त्या क्षणी दिवा नसतो. म्हणून पडद्यावर टोकाच्या पुढे झेपेची रेघ काढून ठेवायची, खाचेची जागा वेगळ्या रंगात. टोक आणि नळीची दिशा माहीत असेल तर ते जमतं.

२४ मार्च

१७ गेजच्या नळीत फायबर. लेसरची ऊर्जा खाली आणून. अंधाऱ्या फँटममध्ये ४ सेंटिमीटरवर टोक स्वच्छ ठिपक्यासारखं दिसलं. सुई किती उभी आहे याने फारसा फरक पडला नाही. कारण पटण्यासारखं आहे: दांडा लांब रेघ असतो, त्याचा ध्वनी रेघेला काटकोनात जातो, म्हणून फोटोअकॉस्टिकमध्येसुद्धा उभा दांडा पुसट होतो. ठिपक्याचा ध्वनी मात्र सगळीकडे पसरतो, प्रोब कुठूनही ऐकतो.

नळीच्या तोंडाची आतली कड प्रकाश शोषते, ठिपका तिचाच आहे. खास रंग लावावा लागला नाही. काही गट फायबरच्या टोकाला काजळीमिश्रित सिलिकॉनचा थेंब लावून मोठा ध्वनी काढतात; पण काळा थेंब प्रकाश अडवणार, मग पुढची रक्तवाहिनी कशी दिसेल? आम्हाला दोन्ही हवंय. स्टीलची कड पुरते.

कापातून सुई बाहेर काढली की ठिपका विझतो. हे मला सर्वांत जास्त भावलं. सोनोग्राफी अशा वेळी खोटं टोक दाखवते. हे गप्प बसतं.

२ एप्रिल

ऑक्सिजनची मागणी आली. गाठीत रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या वाढतात आणि ऑक्सिजन कमी असतो. ७५० आणि ८५० नॅनोमीटर वापरून ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन वेगळं दाखवा, म्हणजे कुठून तुकडा घ्यायचा ते कळेल. रंगीत नकाशे छान दिसतात, सादरीकरणात टाळ्या मिळतात.

मी नको म्हणालो. वेगवेगळे रंग ऊतीत वेगवेगळ्या प्रमाणात घटतात. खोलवर पोहोचेपर्यंत दोन तरंगलांबींचं गुणोत्तर वाटेतल्या ऊतीनेच बदललेलं असतं, आणि यंत्र तो बदल रक्ताचा समजतं. आतल्या दिव्यात वाट छोटी म्हणून चूक कमी, पण शून्य नाही. "इथे रक्त आहे" एवढं आम्ही खात्रीने सांगू शकतो. "या रक्तात ऑक्सिजन अमुक टक्के" असा आकडा पडद्यावर आला की तो कोणीतरी खरा मानणारच.

निर्णय: एकच तरंगलांबी, ८०० च्या आसपास, जिथे दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन सारखंच शोषतं. रक्त आहे की नाही, बस.

९ एप्रिल

पॅथॉलॉजिस्ट सरांची भेट. त्यांना भीती होती की लेसरने तुकडा भाजेल आणि पेशींचे आकार बिघडतील. तापमानवाढीचा हिशेब दाखवला. आमच्या फायबरच्या तोंडाशीसुद्धा ती एका अंशाचा अगदी लहान भाग आहे. त्यांचं समाधान झालं, पण त्यांनी एक अट घातली: तुकडा काढून फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंतचा वेळ वाढता कामा नये. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर, हर-२ या (उपचार ठरवणाऱ्या) तपासण्यांसाठी तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि तिथे ६ ते ७२ तास राहावा, अशी शिफारस आहे. "तुमचं चित्र बघत बसून तुकडा सुईतच वाळवू नका."

त्यांनी आणखी एक सांगितलं. बारीक सुईने पेशी शोषून घेतल्या तर कर्करोग आहे का ते बहुतेकदा कळतं, पण तो दुधाच्या नलिकेच्या आतच आहे की बाहेर पसरलाय हे कळायला अखंड तुकडाच लागतो. म्हणजे आमचा खटाटोप कोअरसाठीच हवा. आमच्या चित्रावरून निदान करायचं कोणाच्या मनात आलं तर ते आत्ताच काढून टाकावं, असंही ते म्हणाले. कोणाच्या मनात नव्हतं. तरी बरं झालं, ते वाक्य प्रस्तावात घातलं.

२२ एप्रिल

फायबर तुटलं. नळीच्या मागच्या टोकाशी, वळण घट्ट झाल्यामुळे. प्रकाश बाहेरच सांडला. शरीराबाहेर तुटलं म्हणून ठीक, पण डोळ्यांसाठी ते जास्त वाईट. आता जोडणीपाशी वाकू न देणारं आवरण, आणि परत येणारा प्रकाश मोजून तो बदलला की लेसर आपोआप बंद.

७ मे

मॅडमनी आज बंद फँटमवर काम केलं. आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं: गाठीमागे शाईची नळी काहींमध्ये होती, काहींमध्ये नव्हती. बाहेरचा दिवा सुरुवातीच्या वाटेसाठी, आतला शेवटच्या सेंटिमीटरसाठी, असं दोन टप्प्यांत.

त्यांच्या हाताकडे बघत होतो. पहिल्या काही वेळा त्या सवयीने राखाडी चित्रच बघत होत्या, ठिपक्याकडे लक्षच नाही. मग एकदा सुई कापाबाहेर गेली, ठिपका विझला, आणि त्यांनी प्रोब तिरका करून तो परत आणला. त्यानंतर त्या ठिपक्यावर चालू लागल्या. एका फँटममध्ये झेपेच्या रेघेवर शाईची नळी दिसली तेव्हा त्यांनी गन सोडली नाही. मार्गदर्शक नळी थोडी मागे घेऊन बाजूने नेली.

तक्रारी: झेपेची रेघ फार जाड, खालची गाठ झाकते. ठिपका लाल नको, सोनोग्राफीच्या डॉपलरमध्ये लाल म्हणजे रक्तप्रवाह. फायबर काढून गन घालताना नळी हलते, ती धरायला तिसरा हात लागतो.

पहिल्या दोन तक्रारी संध्याकाळपर्यंत संपल्या. ठिपका आता हिरवा.

१९ मे

तिसऱ्या हाताचा प्रश्न. नळीच्या मागच्या बाजूला लुअर लॉक (वळवून घट्ट बसवायची ठरावीक जोडणी) आहेच, फायबरला त्यात बसणारी टोपी करायची. टोपी बसली की फायबर आपोआप तोंडाच्या एक मिलिमीटर मागे थांबलं पाहिजे, त्यापुढे ढकललं तरी जाऊ नये. काढताना पाव वळण, एका हाताने. नळी त्वचेशी टेकवून धरणारी छोटी चकती वेगळी.

निर्जंतुकीकरणासाठी फायबर वाफेत घालता येणार नाही, जोडणीतला गोंद सुटतो. इथिलीन ऑक्साइड वायू चालेल, पण वायू पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून एकाच फायबरवर दिवसभराचे रुग्ण होणार नाहीत. मॅडमचं मत एकदाच वापरून फेकण्याच्या बाजूने. फायबर स्वस्त आहे, महाग आहे ती जोडणी. टोपी आणि जोडणी वेगळी करता आली तर फेकायचं ते फक्त काचेचा दोरा आणि टोपी.

रेखाचित्रं आज वर्कशॉपला दिली. टोपीची मापं गेजप्रमाणे वेगळी लागतील, आधी १७ चीच करायला सांगितली आहे.